बांधावरचा चौकोन : वर्षभर पाहा, लिहून ठेवा



आपण बांधावरून रोज जातो-येतो. बांधावर बसून भाकरी खातो, बैल बांधतो, उन्हाळ्यात बांध पेटवून मोकळे होतो. पण हातातलं काम बाजूला ठेवून, बांधाकडे नुसतं बघत घटकाभर बसून किती वर्षं झाली? बहुतेकांचं उत्तर येईल, "तेवढा वेळ कुणाला आहे?" आज त्या घटकाभर वेळाबद्दलच सांगायचं आहे. आठवड्याला अर्धा तास आणि बांधावरची मीटरभर जागा, एवढंच लागतं. पैसा लागत नाही.

आधी माझी एक चूक सांगतो, म्हणजे हे कशासाठी ते कळेल.

रुईवरचा पिवळा मावा

बी.एस्सी. (कृषी) होऊन नोकरीला लागलो ते पहिलं वर्ष. सोलापूर जिल्ह्यातलं कोरडवाहू गाव. खरिपात थोडी तूर, बाकी सगळा भर रब्बीवर : ज्वारी, करडई, हरभरा. दिवाळीनंतर एका वयस्क शेतकऱ्याच्या रानात गेलो. गावात त्यांना सगळे तात्या म्हणत. करडई हातभर झाली होती आणि बांधावरच्या रुईवर पिवळाधमक मावा लदलेला. मी लगेच सांगितलं, "तात्या, हा मावा आता करडईवर उतरणार. रुई तोडून जाळा आणि कडेनं फवारून घ्या."

तात्या म्हणाले, "साहेब, रुईचा मावा करडईवर उतरताना मी तरी कधी पाहिला नाही. पण तुम्ही शिकलेली माणसं."

त्यांनी रुई तोडली, फवारणी केली, पैसे खर्च केले. पौषात ढगाळ हवा पडली आणि करडईवर मावा आलाच. तात्यांनी मला बोलावून घेतलं, एक पान तोडून हातात ठेवलं आणि म्हणाले, "बघा. हा काळा. तो पिवळा होता."

तात्यांचं बरोबर होतं. रुईवरचा पिवळा मावा रुई, कण्हेर अशा चिकाच्या झाडांवर जगतो. करडईवरचा काळपट मावा वेगळ्या जातीचा. पिवळ्या माव्यावर जगणारे ढालकिडे म्हणजे आपले मित्र होते, ते मी रुईबरोबर जाळायला लावले. त्यामुळेच करडईवर मावा जास्त पडला, असं मी म्हणणार नाही. तेवढा पुरावा माझ्याजवळ नाही. पण तात्यांचा खर्च फुकट गेला एवढं खरं. मी पुस्तकातलं नाव पाहिलं होतं, तात्यांनी बांध पाहिला होता.

त्यानंतर आमच्या घरच्या रानात, बोरीशेजारच्या बांधावर मी चार खुंट्या ठोकल्या आणि दर आठवड्याला पाहायला लागलो. पुढे सांगतो ते बरंचसं त्या चौकोनानं शिकवलेलं आहे.

लहान जागाच का?

तुम्ही म्हणाल, पाहायचं तर सगळं रान पाहावं; मीटरभर जागेत काय दिसणार? पण सगळं रान पाहायला गेलं की नजर नुसती फिरते, काहीच धरून ठेवत नाही. जागा लहान आणि ठरलेली असली की गेल्या आठवड्यात काय होतं आणि आज काय नाही, ते चटकन कळतं. बदल ओळखायचा तर जागा बदलून चालत नाही.

मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी हेच केलं. इंग्लंडात चार्ल्स डार्विन यांनी १८४२ साली आपल्या घराजवळच्या कुरणावर खडूचे तुकडे पसरले आणि १८७१ साली तिथे चर खणून पाहिला. खडूचा थर सात इंच खाली गेला होता! गांडुळांनी २९ वर्षं विष्ठेच्या रूपानं माती वर आणून टाकली होती. त्याच देशात रोथॅमस्टेड इथल्या संशोधन केंद्रानं १८८२ साली उभ्या गव्हाचा एक तुकडा न कापता तसाच सोडून दिला. थोड्याच वर्षांत तिथला गहू तणांपुढे टिकला नाही, आणि आज त्या जागी झाडी उभी आहे. माणसानं हात काढून घेतल्यावर जमीन काय करते, ते अशा धीरानं पाहण्यातूनच कळतं.

आपल्याला एवढी वर्षं थांबायची गरज नाही. एका वर्षाच्या फेऱ्यातच पुष्कळ दिसतं.

चौकोन कसा आखावा?

१) बांधावर मीटरभर लांब, मीटरभर रुंद, म्हणजे साधारण सव्वादोन हात जागा निवडा. चार कोपऱ्यांना बाभळीच्या खुंट्या ठोका, सुतळी बांधा.

२) तेवढाच दुसरा चौकोन शेजारीच आखा आणि त्याला बोराटीचं कुंपण घाला, म्हणजे जनावर तोंड घालणार नाही. एक चरलेला, एक राखलेला. खरी शिकवण या दोघांच्या तुलनेत आहे.

३) तिसरा चौकोन पिकात, बांधापासून वीसेक पावलं आत धरा. पेरणी, कोळपणी नेहमीसारखी करा. तिथे फक्त पाहायचं.

४) आठवड्याचा एक वार ठरवा. बाजाराचा दिवस बरा, लक्षात राहतो. सकाळी ऊन तापायच्या आत जा. महिन्यातून एकदा दिवेलागणीला बॅटरी घेऊन जा. रात्रीचे किडे दिवसा दिसत नाहीत.

५) मुलाची जुनी वही घ्या. दर वेळी लिहा : तारीख व नक्षत्र, आठवड्यात पाऊस किती, माती मुठीत धरली तर गोळा होतो की भुगा, वनस्पती किती प्रकारच्या, कोणती फुलावर, किडे कोणते, पानावर की जमिनीवर, पक्षी, उंदराचं बीळ, शेण, पाऊलखुणा. नाव माहीत नसेल तर "लांब सोंडेचा करडा किडा" असं लिहा किंवा चित्र काढा. नाव मागाहून कळतं, पाहिलेलं मात्र परत येत नाही.

६) चौकोनातलं काही उपटू नका, फवारू नका, पाणी घालू नका.

सावधगिरी : दगड उचलायचा तर हातानं नको, काठीनं आपल्याकडे न उलटता पलीकडे उलटा. विंचू-साप बांधावरच राहतात. बिळात हात घालू नका.

वर्षाचा फेरा : काय काय दिसेल?

वळवाचा पाऊस ते मृग. पहिला वळीव चांगला झाला की त्या संध्याकाळी चौकोनापेक्षा वरच्या कडुलिंबाकडे, बाभळीकडे आणि बोरीकडे पाहा. अंधार पडताच तपकिरी भुंगेरे जमिनीतून निघून पाला खायला जमतात. हे हुमणीचे भुंगेरे. दिवसा ते पुन्हा जमिनीत जातात, म्हणून आपल्याला दिसत नाहीत. एक मादी पन्नासच्या आसपास अंडी घालते, आणि त्या अळ्या श्रावण-भाद्रपदात ऊस, भुईमूग, ज्वारीची मुळं खातात. पीक पिवळं पडल्यावर धावाधाव करण्यापेक्षा त्या चार-आठ संध्याकाळी फांद्या हलवून भुंगेरे गोळा करणं आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकणं हाताशी असलेला उपाय आहे. पण एकट्यानं करून भागत नाही, शिवारातल्या सगळ्यांनी एकाच वेळी करावं लागतं. वहीत "पहिला भुंगेरा अमुक तारखेला" एवढी एक ओळ असली, तर पुढच्या वर्षी गावाला वेळेवर सांगता येईल.

मृगात चौकोनात लाल मखमलीसारखा मृगाचा किडा फिरताना दिसेल. तो पिकाला अपाय करत नाही. जमिनीतल्या लहान किड्यांवर आणि त्यांच्या अंड्यांवर जगतो. त्याला चिरडू नका, मुलांनाही सांगा.

आर्द्रा ते आश्लेषा. आता चौकोन दर आठवड्याला रूप बदलतो. आधी टाकळा, केना, माठ, घोळ यांची गर्दी होते. पुढे गवतं डोकं वर काढतात. चरलेल्या चौकोनात जनावर न खाणारी झाडं उरतात, म्हणजे तरवड, टाकळा आणि कुसळी. राखलेल्या चौकोनात मारवेल, पवन्यासारखी चांगली गवतं तग धरतात, बी धरतात. एका वर्षात फरक थोडा दिसेल, तिसऱ्या वर्षी नजरेत भरेल. चारा विकत घेणाऱ्या माणसानं हा फरक जरूर मोजावा : दोन्ही चौकोनांतलं गवत बी झडल्यावर कापून तागडीत टाका.

याच दिवसांत गाजरगवत, म्हणजे काँग्रेस गवत, दिसेल. हे आपल्या मातीतलं नव्हे. १९५५ च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली आणि पुढे देशभर पसरलं. त्याची पानं खाणारा मेक्सिकन भुंगा आपल्या देशात १९८४ साली सोडण्यात आला. पांढरट-पिवळसर पाठीवर तपकिरी रेघा असलेला हा भुंगा पावसाळ्यात गाजरगवतावर दिसला तर त्याला राहू द्या. जिथे टाकळा दाट येतो तिथे गाजरगवत मागे हटतं, हेही चौकोनात पाहायला मिळेल. चौकोनाबाहेरचं गाजरगवत मात्र फुलायच्या आत उपटा. हातात मोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी घाला; त्यानं अंगाला खाज सुटते.

मघा ते उत्तरा. पाऊस थांबून-थांबून पडतो, तेव्हा जमिनीकडे पाहा. मातीच्या बारीक गोळ्यांचे ढीग दिसले की गांडुळं काम करताहेत. या दिवसांत एक सोपी परीक्षा करा. दोन्ही तोंडं उघडी केलेला डबा घ्या, दोन बोटं जमिनीत दाबा, त्यात तांब्याभर पाणी ओता आणि ते जिरायला किती वेळ लागतो ते मोजा. एकदा राखलेल्या चौकोनाशेजारी, एकदा पिकात, एकदा बैलगाडीच्या वाटेवर. आकडे तुमचे तुम्हीच लिहा. मीटरभर चौकोनावर २५ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे २५ लिटर पाणी पडलं. एकरावर तेच लाखभर लिटर होतं. ते जिरलं तर रब्बीची ओल, वाहिलं तर ओढ्याचं पाणी. हस्ताच्या पावसावर ज्वारी पिकवणाऱ्या माणसाला आणखी काय सांगावं?

हस्त ते स्वाती. बांधावरच्या एकदांडीवर, रानफुलांवर मधमाश्या, भुंगे, फुलपाखरं येतात. बोरीच्या झुडपात फुलोरी माशीचं लहानसं पोळं सापडेल. बांधाच्या उघड्या मातीत बारीक भोकं दिसली तर ती सगळी मुंग्यांची नसतात. काही एकेकट्या राहणाऱ्या माश्यांची घरं असतात. सूर्यफूल, कारळा, दोडका-भोपळा यांच्या फुलांवर फिरून दाणा आणि फळ धरायला याच माश्या मदत करतात. पिकाला फूल नसतं तेव्हा त्यांचं पोट बांधावरच्या फुलांवर चालतं.

मार्गशीर्ष-पौष. आता बांध आणि पीक यांच्या मधली ये-जा पाहा. करडईवर काळा मावा बहुधा कडेच्या झाडांवर आधी दिसतो. ज्याची नजर दर आठवड्याला कडेवर असते त्याला तो आठ-दहा दिवस आधी सापडतो, आणि तेव्हा कडेच्या ओळींवर उपाय करून भागू शकतं. माव्याबरोबर कोण आहे तेही पाहा. काळसर, अंगावर पिवळे-नारिंगी ठिपके, सुसरीसारखी लांबट अळी दिसली तर ती ढालकिड्याची. पुष्कळ जण तिलाच कीड समजून मारतात. ती एकटी जन्मभरात काही शे मावे खाते. पानावर केसाएवढ्या दांडीवर उभी पांढरी अंडी दिसली तर ती क्रायसोपाची, तीही आपल्या बाजूची.

हरभऱ्यात घाटेअळी असेल तर बाभळीवर बसणारा कोतवाल आणि साळुंक्या काय करतात ते बघा. कोतवालाला उंच बसायला जागा लागते. बांधावर झाड नसेल तर एकरी वीसेक पक्षिथांबे लावा.

फाल्गुन-चैत्र. सगळं वाळलं, म्हणून चौकोन मेला असं समजू नका. गवताच्या ठोंबात, दगडाखाली, सालीच्या फटीत कोळी, ढालकिडे, गोम, मुंग्या ऊन काढत असतात. काळ्या रानात भेगा पडतात, त्यात वरची माती खाली जाते. याच वेळी आपण काडी लावतो. पेटवल्यावर किडी मरतात हे खरं, पण मित्रही मरतात, आणि काळ्या पडलेल्या उघड्या बांधावर वळवाचा पहिलाच जोराचा सडाका येतो. एका वर्षी वाऱ्यानं शेजारच्या बांधाची आग आमच्या बांधावर आली आणि माझा एक चौकोन जळाला. मृगात तिथे गवताच्या आधी उगवलं ते गाजरगवत. एका चौकोनावरून नियम काढू नये, पण तेव्हापासून आमच्या घरी बांध पेटवत नाहीत.

नोंदीचा उपयोग कुठे?

पहिला उपयोग फवारणीच्या खर्चात. कीड आहे का, किती आहे, तिच्याबरोबर मित्रकिडे किती आहेत आणि आठवड्यात ती वाढली की घटली, हे लिहिलेलं असेल तर शेजाऱ्यानं पंप काढला म्हणून आपण काढायचा, ही सवय सुटते. दुकानदाराला "काहीतरी द्या" म्हणण्याऐवजी कीड दाखवता येते.

दुसरा उपयोग नवी कीड ओळखण्यात. २०१८ साली अमेरिकन लष्करी अळी आपल्या देशात प्रथम कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात मक्यावर येऊन पोचली. नेहमीच्या अळ्या ज्याच्या ओळखीच्या असतात त्यालाच अनोळखी अळी वेगळी दिसते. अशी दिसली तर डबीत घालून कृषी खात्याच्या कर्मचाऱ्याला किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.

तिसरा आणि मोठा उपयोग खुद्द बांधाच्या बाबतीत. दरसाल नांगराचं एक तास बांधाला खातं. इकडून मी बोटभर कोरतो, तिकडून भाऊ बोटभर कोरतो. दहा वर्षांत बांध राहत नाही, भाऊबंदकी मात्र राहते. एका ओळीचं जादा पीक आलं असं वाटतं, पण हिशेब करा. एकरावरचा एक मिलिमीटर थर, म्हणजे नखाएवढी पातळ माती, वाहून गेली तरी सुमारे पाच टन माती गेली. ती विकत आणायची तर किती ट्रॉल्या लागतील? गवतानं बांधलेला बांध ती अडवतो. भाऊ-भाऊ मिळून एक सामाईक चौकोन आखून पाहा. दोघांनी एकाच जागेकडे वर्षभर पाहिलं की ती कोरायला हात धजत नाही, हा माझा दोन-तीन घरचा अनुभव आहे.

एक गोष्ट विसरू नका

एका वर्षाच्या नोंदीवरून पक्का निष्कर्ष काढू नका. पाऊस दरसाल सारखा नसतो. "मी पाहिलं" आणि "मला वाटतं" ही दोन वेगळी रकाने ठेवा. माझ्याकडे पहिल्या वर्षी अशी रकाने असती, तर तात्यांच्या रुईवर कुऱ्हाड पडली नसती.

थोडक्यात

• बांधावर मीटरभराचे दोन चौकोन : एक चरलेला, एक राखलेला. तिसरा पिकात.
• आठवड्याला एक वार, अर्धा तास. लिहिल्याशिवाय उठू नका.
• पहिल्या वळवानंतर कडुलिंब-बाभळीवर हुमणीचे भुंगेरे पाहा, सगळ्या शिवारानं मिळून गोळा करा.
• रुईचा पिवळा मावा आणि करडईचा काळा मावा वेगळे.
• सुसरीसारखी ठिपक्यांची अळी मित्र आहे, मारू नका.
• गाजरगवत फुलायच्या आत उपटा.
• बांध जाळू नका, कोरू नका.

तात्या आता थकलेत. गेल्या साली भेटायला गेलो तर पडवीत नातीला शेजारी बसवून वही लिहून घेत होते : "लिही, आज रुईवर पहिला पिवळा मावा." बांधावर रुई पुन्हा वाढली आहे. मला पाहून हसले आणि म्हणाले, "साहेब, या सालीपण तो करडईवर उतरला नाही."

तुमच्याही बांधावर असं काही दिसलं तर कार्यक्रमाला पत्र टाका. कोणत्या नक्षत्रात, कशावर, काय दिसलं एवढं लिहा. येत्या वळवाच्या आत चार खुंट्या ठोका, बाकीचं बांध सांगेल.